विंचू चावला, तर आधी भगत? त्यालाच शिकवावं की त्याच्यावर गुन्हा घालावा?

माचावरचा: पेंढा उपसताना आमच्या काकूंच्या बोटाला तांबडा विंचू चावला. आमच्या वाडीवरचा क्रम ठरलेला, आधी भगत, मग दवाखाना. भगताने फुंकर घातली, ठणका कमी झाला, "उतरला" म्हणाला. तासाभरात काकूंचं लुगडं घामाने भिजलं, हातपाय गार पडले. दवाखान्यात चार दिवस काढून वाचल्या.
माझं म्हणणं असं, की भगताला शिव्या देऊन काही होणार नाही. रात्री दोनला लोक त्याचंच दार वाजवतात. मग त्यालाच चार लक्षणं पढवा: दरदरून घाम, ओकाऱ्या, गार हातपाय, आणि पोरगा असेल तर लिंग ताठ राहणं (लाजेपायी हे कुणी सांगत नाही). यातलं एकही दिसलं की मंत्र बंद, गाडी काढायची.

ठाम_विरोधक: म्हणजे ज्याने तास घालवला त्यालाच बिल्ला? २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचा. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद. आणि तुम्ही त्याचं प्रशिक्षण भरवताय!

माचावरचा: "रोखून" हा शब्द तुम्हीच लिहिलात. आमच्याकडे कुणी कुणाला रोखलं नाही. लोक आपण होऊन बसून राहिले.

गोठ्यातली_सून: भांडण नंतर करा. आमच्याकडे लाकूडफाटा भिंतीला टेकवूनच ठेवतात आणि पोरं अंधारात अनवाणी मोरीकडे जातात. मी सासूबाईंशी वाद घालून सरपण घरापासून लांब, ओट्यावर रचलं. खाट भिंतीपासून हातभर सरकवली, मच्छरदाणी गादीखाली खोचली. चप्पल झाडून घालायची सवय मात्र अजून फक्त मलाच आहे.

निवृत्त_परिचारिका: भगत "यशस्वी" का होतो ते सांगते. मोठी काळी इंगळी चावली तर आग आग होते, पण सहसा जिवाला धोका नसतो. ती आग आपोआप निवते आणि श्रेय फुंकरीला जातं. तांबड्याचं उलटं. ठणका कमी वाटेल, पण आत विषाने शरीरातली अ‍ॅड्रेनालिनसारखी द्रव्यं एकदम सुटतात. रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. तोंडाला गुलाबी फेस आला की फार उशीर झालेला असतो. म्हणून "ठणका गेला म्हणजे विंचू उतरला" हेच सगळ्यात घातक वाक्य.
डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड-बिरवाडी भागात असे रुग्ण वर्षानुवर्षं बघितले आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी लागू पडते हे दाखवून दिलं. विंचवाच्या विषावरचं प्रतिविष मुंबईच्या हाफकिन संस्थेने काढलं. २०११ साली बावस्करांच्या अभ्यासात प्रतिविष आणि गोळी दोन्ही दिलेले रुग्ण नुसत्या गोळीवाल्यांपेक्षा लवकर सावरले. मात्र गोळी मनाने देऊ नका. रक्तदाब एकदम खाली येतो, रुग्णाला आडवंच ठेवावं लागतं.

ठाम_विरोधक: हेच तर म्हणतोय! ताईंनी सांगितलेलं काम आरोग्यसेविका आणि आशाताईंनी करावं. भगताला मान दिला की पुढच्या खेपेला तो साप चावलेल्यालाही मंत्र घालणार.

माचावरचा: आमच्या आशाताई तीन वाड्या पायी फिरतात. रात्री दोनला त्यांना कोण आणणार? बरं, एक सांगायचं राहिलं. काकूंना तालुक्याला नेलं ते भगताच्या पोराच्या टमटममधून. वाडीत गाडी म्हणून तेवढीच.

ठाम_विरोधक: मग पोराला सांगा, आधी टमटम सुरू कर. बापाला मंत्र म्हणायचाच असेल तर मागे बसून म्हणू दे.