गाडीच्या आतला धीट रंग : आपले अनुभव लिहा

कर्वेनगर
मोटारीच्या बाहेरच्या रंगावर घरोघरी तासन्‌तास चर्चा होते, पण आतल्या रंगाचा प्रश्न ‘बेज की काळा’ एवढ्यावर मिटतो. बेजमुळे गाडी प्रशस्त वाटते आणि काळ्यावर मळ दिसत नाही, ही दोन्ही कारणे रास्त आहेत. परंतु त्यांत रंग आवडण्याचा संबंध कोठेच येत नाही. माझ्या फ्रॉन्क्समध्ये काळ्याच्या जोडीला गडद मद्यासारखा लाल रंग आहे, आणि गाडी निवडताना ॲव्हरेज व किंमत यांच्याइतकाच त्या लालाचाही विचार केला, असे मी शोरूममध्ये सांगितले, तेव्हा विक्रेत्याने “काळजी करू नका सर, वरून कव्हर घालून देऊ,” असा दिलासा दिला. ज्यांनी कव्हर न घालण्यासाठीच असा रंग घेतला किंवा करवून घेतला, त्यांनी येथे सविस्तर लिहावे. गैरसोयीही अवश्य लिहाव्यात, कारण गैरसोय ठाऊक असूनही जो रंग आवडत राहतो त्याविषयीच मला विशेष कुतूहल आहे.

सदाशिव पेठ
आमची प्रीमियर पद्मिनी वडिलांच्या काळातली आहे आणि ती अद्याप चालते. गाद्यांचे रेक्झिन फाटले, तेव्हा नाना पेठेत कुशनचे काम करणाऱ्या कारागिराने काळा, तपकिरी आणि मळकट पांढरा असे तीन तुकडे पुढे ठेवले. सौभाग्यवतींनी पिशवीतून जुनी पैठणी काढून त्यांच्यासमोर पसरली : अंग मोरपंखी, काठ राणी रंगाचे. कारागिराने दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग मात्र मोरपंखी रेक्झिनवर राणी रंगाची पायपिंग इतक्या तन्मयतेने बसवली की गाडी न्यायला गेलो तेव्हा शेजारचे दुकानदार ती पाहायला जमले होते. या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्यामुळे पुढचे आसन सलग आहे, मध्ये काहीही आडवे येत नाही. त्यामुळे दार उघडताच रंगाचा अखंड पट्टा दिसतो, जो आजच्या दोन स्वतंत्र आसनांच्या गाड्यांत मिळणे शक्य नाही. एप्रिलमध्ये रेक्झिन असे तापते की पंचा अंथरल्याशिवाय बसवत नाही. तो पंचा मात्र पांढराच असावा, अशी घरातून सक्त ताकीद आहे.

बाणेर
नोकरीनिमित्त जर्मनीत असताना मी जुनी गोल्फ जीटीआय घेतली, ती केवळ तिच्या चौकडीच्या आसनांसाठी. फोक्सवॅगनमधील डिझायनर गुनहिल्ड लिलयेक्विस्ट यांनी 1976 च्या पहिल्या जीटीआयसाठी लाल रेघांची ही स्कॉटिश चौकडी योजली, आणि गिअरच्या दांड्याला गोल्फच्या चेंडूसारखी मूठही त्यांनीच सुचवली. वेगवान गाडी म्हणजे काळे चामडे, या समजुतीला त्यांनी दिलेले हे उत्तर मला आजही फार हुशारीचे वाटते. शिवाय कापड असल्यामुळे ते थंडीत गारठत नाही, उन्हात भाजत नाही आणि वळणावर माणूस घसरत नाही. पुण्यात परतताना गाडी तेथेच विकावी लागली. माझ्या सध्याच्या राखाडी आसनांविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

भोसरी
मी मोटारींच्या आतले प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या एका लघुउद्योगात रंगतपासणीचे काम करतो, म्हणून कारखान्याच्या बाजूने थोडे लिहितो. काळा भाग सर्वांत सोपा, कारण छटेत किंचित फरक पडला तरी तो सहसा नजरेत भरत नाही. काळ्यानंतर त्याच मशीनवर नारिंगी घ्यायचा म्हटला, तर बॅरलमधला, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीतला, जुना माल पूर्ण बाहेर काढावा लागतो. तोवर भागांवर काळपट रेघा उमटत राहतात आणि तेवढे शॉट, म्हणजे साच्यातून निघालेले नग, भंगारात जातात. खरी कसोटी पुढे असते. दाराचे पॅड एका पुरवठादाराचे, आसनाचे कापड दुसऱ्याचे, शिलाईचा दोरा तिसऱ्याचा, आणि तिन्हींचा रंग एकाच मास्टर नमुन्याशी जुळला पाहिजे. त्यासाठी आम्ही नमुने लाइट बूथमध्ये दिवसाच्या, ट्यूबच्या आणि पिवळ्या बल्बच्या प्रकाशात तपासतो, कारण दिवसा तंतोतंत जुळणारे दोन लाल रंग बल्बखाली वेगळे दिसू शकतात. याला मेटॅमेरिझम म्हणतात. यंत्र फरकाचा आकडा देते, पण वाद झाला की अखेर अनुभवी डोळ्यालाच बोलावतात. मी स्वतः डॅशबोर्डवर आडवा नारिंगी पट्टा असलेली सिट्रोएन सी३ घेतली. पत्नी म्हणते, की मी गाडीत बसतो कमी आणि सांधे तपासतो जास्त. तिचे म्हणणे खरे आहे, पण असा सांधा नीट जुळलेला पाहण्यातले सुख काळ्या गाडीत मिळत नाही, हेही तितकेच खरे.

धायरी
आमच्या गाडीत पांढरी आसने आहेत आणि डॅशबोर्डचा वरचा भागही फिकट आहे. नव्या जीन्सची निळाई आसनांवर उतरते. ती त्याच दिवशी ओल्या कापडाने पुसली तर निघते, मुरली की मुक्काम करते. विसर्जनाच्या दिवशी गुलालाने माखलेल्या भाच्यांना मी गाडीत घेत नाही, आणि त्यावरून नातेवाइकांत माझी जी ख्याती झाली आहे ती मला मान्य आहे. गंभीर अडचण वेगळीच आहे : दुपारी फिकट डॅशबोर्डचे प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडते आणि ताम्हिणीत झाडांच्या सावलीतून जाताना रस्त्यावर पांढुरका पडदा आल्यासारखे वाटते. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डचा माथा गडद आणि मंद पोताचा ठेवतात तो याचसाठी. मी त्यावर काळे, न चमकणारे आवरण घातले. आसने मात्र पांढरीच ठेवली आहेत, आणि दमून घरी निघताना त्या उजेडात बसले की बरे वाटते.

विश्रांतवाडी
धायरीच्या ताई व सदाशिव पेठेतील काका यांचे वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. आरसी पुस्तकात नोंद असते ती बाहेरच्या रंगाची. आतल्या गाद्यांचा रंग बदलण्यासाठी आरटीओत जावे लागत नाही. मात्र नव्या गाड्यांत अनेकदा पुढच्या आसनांच्या कडेला एअरबॅग असते, तेव्हा नवे आवरण शिवताना ती बाजू मोकळी राहील किंवा तेथे उसवणारी खास शिवण असेल, याची खात्री करून घ्यावी.

पिंपळे सौदागर
माझी गाडी जुन्या बाजारातली. आतून भडक लाल असल्यामुळे तिला गिऱ्हाईक मिळत नव्हते, आणि व्यापाऱ्याने स्वतःहून किंमत उतरवली. जो रंग मी जादा पैसे देऊन घेतला असता त्यावर सवलत मिळाली, हे मी त्याला अर्थातच सांगितले नाही. लाल रंग उन्हात लवकर विटतो, कारण तो प्रकाशातील निळा-हिरवा, म्हणजे अधिक ऊर्जेचा भाग शोषून घेतो. आमच्या सोसायटीत गाडी उघड्यावर, पश्चिमेकडे तोंड करून उभी असते. म्हणून काचेला आतून चंदेरी पडदा लावतो आणि दर रविवारी गाडी उलटी लावतो, म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच विटतील.