मुतखडा आणि ऑक्झलेट: आहारातून नेमके काय वगळावे?

प्रश्न (सातारकर): माझ्या वडिलांचा मुतखडा दुसऱ्यांदा काढावा लागला आणि तपासणीत तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. तेव्हापासून घरात टोमॅटो आणि वांगे बंद आहे, खड्यात कॅल्शियम आहे म्हणून दूध-दहीही बंद केले आहे; पालकाचा कच्चा रस मात्र रक्तवाढीसाठी रोज चालू आहे. हे पथ्य योग्य आहे का?

आहारतज्ज्ञ, नाशिक: आधी तो रस थांबवा आणि दही-ताक पुन्हा सुरू करा. पालकात ऑक्झलेट, म्हणजे वनस्पतींत असणारा एक क्षार, भरपूर असते आणि रसाच्या रूपाने ते रोज मोठ्या प्रमाणात पोटात जाते. शिवाय त्यातले लोहही शरीराला फारसे लागत नाही. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधते आणि ते शौचावाटे निघून जाते. दूध-दही तोडले की मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शोषले जाऊन मूत्रपिंडात पोहोचते आणि तिथे लघवीतल्या कॅल्शियमशी मिळून खडा बनवते. लघवीतून कॅल्शियम जास्त जाणाऱ्या, वारंवार खडे होणाऱ्या पुरुषांवरील पाच वर्षांचा इटालियन अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅल्शियम पुरेसे, पण मीठ आणि मांसाहार कमी ठेवलेल्यांना कमी कॅल्शियम खाणाऱ्यांच्या जवळपास निम्म्यानेच पुन्हा खडे झाले. म्हणून कॅल्शियम जेवणाबरोबरच पोटात जायला हवे. दुपारच्या ताटात वाटीभर दही असणे उत्तम.

कोल्हापूरची गृहिणी: आमच्याकडेही हाच त्रास आहे, त्यामुळे स्वयंपाकातले सांगते. पालक कधी करायचाच झाला, तर भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यावे, कारण विरघळणारे ऑक्झलेट त्यात बरेचसे उतरते. वरणात शिजवला तर ते सगळे वरणातच राहते. अळूच्या फदफद्यात चिंच घातली की घसा खवखवत नाही, पण म्हणून ऑक्झलेट गेले असे समजू नये. पालेभाजीच हवी असेल तर मेथी किंवा कोबी करा. आम्ही लोणचे-पापड रोजच्या ताटातून काढले, आणि ते मला सर्वांत कठीण गेले.

सातारकर: आभारी आहे. टोमॅटोचे काय? आणि बाबा व्हिटॅमिन सीच्या गोळ्याही घेतात.

आहारतज्ज्ञ, नाशिक: टोमॅटोत ऑक्झलेट कमी असते आणि त्याच्या बियांचा खड्याशी काही संबंध नाही, तेव्हा कोशिंबीर खुशाल द्या. व्हिटॅमिन सीचा काही भाग शरीरात ऑक्झलेटमध्येच बदलतो, म्हणून त्या गोळ्यांची खरेच गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा. मूठमूठभर बदाम-काजू खाण्याची सवय असेल तर तीही आवरा. ताईंनी मिठाचे सांगितले ते अगदी खरे आहे, कारण मीठ वाढले की लघवीतले कॅल्शियम वाढते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर दिवसभरात किमान दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. शेतात उन्हात काम असेल तर त्याहून जास्त लागेल. लिंबातले सायट्रेट खडा बनण्याला अटकाव करते, मात्र सरबत बिनमिठाचे आणि कमी साखरेचे असावे. खडा दुसऱ्यांदा झाला आहे, तेव्हा चोवीस तासांच्या लघवीची तपासणी करून घ्या. दोष ऑक्झलेटचा, कॅल्शियमचा की कमी पाण्याचा, हे त्यातून कळेल आणि पथ्य त्याप्रमाणे ठरवता येईल.