गोल्फ: बंकरमधल्या बुटाच्या खड्ड्यातून फुकट ड्रॉप हवा की नको?

खडकवासला_स्लाइस

माझं मत आधीच सांगून टाकतो: हवा, म्हणजे दंडाशिवाय बॉल उचलून जवळच टाकू द्यावा. कोणीतरी बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, बॉल काढतो, वाळू सपाट करायचा रेक न फिरवता पुढे निघतो, मागून येणाऱ्याचा बॉल नेमका त्याच्या टाचेच्या खड्ड्यात जाऊन बसतो आणि नियम म्हणतो, आहे तसा मारा. क्लबच्या स्पर्धेत माझं हेच झालं. बॉल अर्धा वाळूत आणि त्याच्या पुढे चवड्याने उभी केलेली वाळूची भिंत. दोन फटके तिथेच गेले. ज्याचा बूट तो मात्र तोवर क्लबहाउसमध्ये पाय पसरून बसलेला.

२०१९ मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए या नियम करणाऱ्या संस्थांनी नियम केवढे सैल केले बघा. बंकरातली पानं, काड्या, दगड उचलता येतात. पूर्वीचं वॉटर हॅझर्ड (पाण्याचा अडथळा) आता पेनल्टी एरिया झालं, तिथे क्लब जमिनीला टेकवला तरी चालतो. ग्रीनवरच्या, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरच्या, बुटांच्या स्पाइकच्या खुणासुद्धा दाबून सपाट करता येतात. म्हणजे ग्रीनवर दुसऱ्याच्या बुटाची खूण पुसायची मुभा आणि बंकरात तोच बूट पडला की नशीब. हे कुठलं तर्कशास्त्र?

जुनं_खोड

साफ असहमत. ग्रीन गुळगुळीत असावी अशी अपेक्षाच असते, कारण तिथे पटिंग होतं, बॉल जमिनीवरून होलकडे लोटायचा असतो. बंकर हा अडथळा आहे, तिथे चांगली लाय (बॉल जिथे जसा पडला ती जागा) मिळणं हा कुणाचा हक्क नाही. रस्त्यावर खड्डे आहेत म्हणून महापालिका पेट्रोलचे पैसे परत देते का?

२००६ मध्ये दिग्गज गोल्फर जॅक निकलॉसने आपल्या मेमोरियल स्पर्धेत मुद्दाम विरळ दात्यांचे रेक ठेवले होते. वाळूत सऱ्या पडायच्या आणि बॉल सरीत बसायचा. प्रो मंडळी कुरकुरली. पण त्यामागचा विचार मला पटतो. हल्ली प्रो लोकांना आजूबाजूच्या रफपेक्षा, म्हणजे उंच गवतापेक्षा, बंकर सोपा वाटतो, इतका तो सारवून ठेवलेला असतो.

शिवाय तो खड्डा बुटाचाच हे ठरवणार कोण? माणसाचा, कुत्र्याचा, की आधीच्या कुणाच्या फटक्याचा?

बोगीसम्राट

बॉल बंकरात घातलाच कशाला, हा मूळ प्रश्न कोणी विचारत नाहीये.

नियमावली_उशाशी

कुत्र्याचं निघालंच आहे म्हणून. कुत्र्याने बंकरात खड्डा उकरला असेल तर फुकट ड्रॉप आहे, फक्त तो बंकराच्या आतच घ्यायचा. कुत्रा नुसता चालून गेला आणि पंजे उमटले, तर काही नाही. तेव्हा 'ठरवणार कोण' ही अडचण आजही आहेच आणि आपण ती निभावतोच. जुनं_खोड, हा मुद्दा तुमच्या बाजूने फारसा चालत नाही.

पण धागाकर्त्यांनी एक गोष्ट वगळली आहे. तुमचा बॉल थांबल्यानंतर दुसऱ्या कुणी त्यापुढे पाय रोवून वाळू उकरली, किंवा त्याच्या फटक्याची वाळू तुमच्या बॉलवर येऊन पडली, तर लाय पूर्ववत करायची परवानगी नियम ८.१ड देतो. रेकसुद्धा वापरता येतो. तुमचा बॉल येण्याआधीच खड्डा होता, तर मात्र तो तुमचा. नियमाने रेघ ओढली आहे ती इथे: बॉल थांबला तेव्हा जी लाय मिळाली ती तुमची, त्यानंतर कुणी बिघडवली तर भरपाई.

आणि 'सैल केले' हे अर्धंच खरं. बंकरात बॉलच्या लगेच मागे-पुढे वाळूला क्लब लावणं, सरावाच्या स्विंगमध्ये किंवा बॅकस्विंगमध्ये वाळू घासणं, यांना आजही स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तिथे) दोन फटक्यांचा दंड आहे, मॅच प्लेमध्ये (होलगणिक सामना असतो तिथे) होल जातो.

खडकवासला_स्लाइस

बरं, मग अमेरिकन प्रो डस्टिन जॉन्सनचं बघा. २०१० ची पीजीए चॅम्पियनशिप, विस्कॉन्सिनमधलं व्हिसलिंग स्ट्रेट्स, शेवटच्या दिवशी १८ वा होल. प्रेक्षकांनी तुडवलेल्या एका वाळूच्या तुकड्यात बॉल. भोवती माणसांची गर्दी, रेकचा पत्ता नाही. त्याला तो बंकर वाटलाच नाही. क्लब टेकवला, दोन फटके दंड, प्लेऑफ (बरोबरीतल्यांची निर्णायक फेरी) हुकला. पुढे बुब्बा वॉटसनला हरवून मार्टिन कायमर जिंकला. लोकांनी तुडवायचं आणि खेळाडूने भोगायचं. ह्यात न्याय आहे?

जुनं_खोड

उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत. त्या स्पर्धेच्या लोकल रूलच्या (तिथल्यापुरत्या नियमांच्या) कागदात स्पष्ट होतं की बंकर म्हणून बांधलेली प्रत्येक वाळू बंकरच धरली जाईल, रेक मारलेली असो वा नसो. प्रेक्षकांसाठीच्या दोरीबाहेरच्या बंकरांत पावलांचे ठसे, कचरा, टायरच्या खुणा असतील आणि त्यातून फुकट सुटका नाही, हेही त्यातच होतं. कागद लॉकर रूममध्ये लावलेला होता. जॉन्सनने तो वाचला नाही. आणि दंड ठशांबद्दल नव्हताच, क्लब टेकवल्याबद्दल होता. आजच्या नियमातही तो बसतो.

सरेचा_सदाशिवपेठी

इंग्लंडमधून लिहितोय. इथे माझ्यासारख्या साध्या सभासदाला कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) नसतो. ट्रॉली आपण ओढायची, रेकही आपणच मारायचा. पुण्या-मुंबईत खेळाडू बंकरमधून बाहेर येऊन थेट ग्रीनकडे चालू लागतो, मागे कॅडी रेक मारतो. कॅडी एक आणि बॅगा दोन असल्या की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. खड्ड्यांचं मूळ तिथे आहे, नियमात नाही.

आणि मारतात तेही कसं? सगळी वाळू आपल्याकडे ओढत बाहेर येतात. काही दिवसांत बंकराचा उतार उघडा पडतो आणि तळाशी ढीग. आत शिरावं सखल बाजूने, निघावं त्याच वाटेने, आणि वाळू उताराकडे वर ढकलत यावं. फार वेळ लागत नाही.

कमिटीला नियम १.२ब खाली आचारसंहिता लावता येते, त्यात रेक न मारणाऱ्याला फटक्याचा दंड ठेवता येतो. तुमच्या किती क्लबांनी ठेवलाय?

पावसाळी_पार

आमच्याकडे जूनपासून बंकरात वाळू कमी, पाणी जास्त. बॉल साचलेल्या पाण्यात असेल तर बंकराच्या आत फुकट ड्रॉप, बाहेर काढायचा तर एक फटका. पूर्ण बंकरच भरला असेल तर कमिटी तो दुरुस्तीखालची जमीन म्हणून जाहीर करू शकते, मग बाहेरही फुकट. २०२० मध्ये कोरोनामुळे रेक काढून घेतले, तेव्हाही बंकरात बॉल थोडा हलवून ठेवू द्यायची मुभा आर अँड एने कमिट्यांना दिली होती. म्हणजे खड्ड्यातून सुटका दिल्याने गोल्फ बुडालं नाही, हे सिद्ध झालेलं आहे. धागाकर्त्यांना माझं +१.

नियमावली_उशाशी

ती मुभा रेकच नव्हते म्हणून होती. एखादा नियम आवडत नाही एवढ्यावर कमिटीला तो लोकल रूलने बदलता येत नाही. आचारसंहितेचा मार्ग मात्र आजही मोकळा आहे.

खडकवासला_स्लाइस

आचारसंहिता लावा, माझी ना नाही. पण त्याला दंड झाला म्हणून माझे दोन फटके परत येत नाहीत, आणि रेक न मारता तो निघून गेला हे मागच्या ग्रुपमधून मी कसं दाखवणार? बुटाचा नंबर घेऊन? बंकराच्या आतच, होलच्या जवळ न जाता, क्लबच्या एका लांबीत ड्रॉप. एवढंच मागतोय. बाहेर काढून द्या म्हणत नाही.

जुनं_खोड

एका लांबीत दुसरा खड्डा असला की मग?

बोगीसम्राट

मग रेक. तो बंकराच्या आत ठेवायचा की बाहेर, यावर दुसरा धागा काढा. तिथे मीही भांडायला येतो.