'नो सूनर… दॅन' बारावीच्या मुलांकडून घोकून घ्यावं का?

पाऊलवाट: 'अ‍ॅज सून अ‍ॅज'चं वाक्य 'नो सूनर… दॅन' वापरून पुन्हा लिहा, हा प्रकार बारावीच्या इंग्रजीतून काढून टाकावा, असं माझं ठाम मत आहे. भाचीच्या वहीत पानंच्या पानं भरली आहेत. 'अ‍ॅज सून अ‍ॅज द बेल रँग, द बॉइज रॅन आउट' याचं 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट'. 'डिड' कुठून आलं, असं विचारलं तर "तसंच असतं" हे उत्तर. बरं, बोलताना हे वापरतं कोण? त्या तासांत मुलांना दोन परिच्छेदांचा नीट ईमेल लिहायला शिकवा.

खडूफळा: ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवतो. अजिबात पटलं नाही. "तसंच असतं" हा शिकवण्यातला दोष झाला. नकारार्थी क्रियाविशेषण वाक्याच्या तोंडाशी आणलं की साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. 'नेव्हर हॅव आय सीन', 'नॉट ओन्ली डिड ही कम', सगळीकडे हाच नियम. साध्या भूतकाळात साहाय्यक क्रियापद नसतंच, म्हणून 'डिड' आणावं लागतं. भूतकाळ 'डिड'ने दाखवला की 'रँग'चं 'रिंग' होतं. आणि 'सूनर' तुलनेचं रूप, म्हणून 'टॉलर दॅन'सारखं 'दॅन'. 'हार्डली' आणि 'स्केअर्सली'त तुलना नाही, तिथे 'व्हेन'. एवढं फळ्यावर मांडलं तर घोकायला काही उरत नाही.

तिसरा_बाक: मी मराठी माध्यमातून बारावी केली. निबंधात किती गुण मिळतील याचा भरवसा नसायचा, पण वाक्यरूपांतराचा गुण हातचा असायचा. तो काढून घेतलात तर नुकसान आमच्यासारख्यांचंच.

पाऊलवाट: तुमची अडचण समजते. पण गुण मिळाला आणि वाक्य कळलं नाही, यालाच माझा आक्षेप आहे.

शब्दवेल्हाळ: अनुवाद तपासायचं काम करते. 'हार्डली हॅड ही सॅट डाउन व्हेन द फोन रँग' याचा अनुवाद "तो क्वचितच बसला होता" असा आलेला पाहिला आहे. 'नो सूनर' दिसलं की "गाडी थांबली नाही" असं लिहून मोकळे होतात, मूळ वाक्यात गाडी थांबलेली असते! त्यामुळे ही रचना शिकवायलाच हवी, बोलण्यात येवो न येवो.

तरीही पाऊलवाट यांचं निम्मं म्हणणं मला पटतं. या प्रश्नामुळे मुलांना वाटतं की दोन्ही वाक्यं अदलाबदल करता येतात. 'कॉल मी अ‍ॅज सून अ‍ॅज यू रीच' याचं 'नो सूनर' करून दाखवा बरं. होत नाही, कारण ती सूचना आहे. 'नो सूनर' शोभतं ते घडून गेलेलं सांगताना, पहिली गोष्ट होते न होते तोच दुसरी येऊन थडकते तेव्हा. आणखी एक, हे पद तोंडाशी नसेल तर उलटापालट लागतच नाही: 'आय हॅड नो सूनर लॉक्ड द डोअर दॅन द फोन रँग'. हे वाक्य बरोबर आहे, पण सूत्र पाठ केलेली मुलं त्यावर फुली मारतील. शिवाय 'डिड'इतकंच, किंबहुना जास्त, इथे 'हॅड' येतं, कारण पहिली क्रिया आधी पुरी झालेली असते.

पाऊलवाट: मग उतारा द्या आणि विचारा, आधी काय घडलं, नंतर काय? वाचून कळलं की पुरे. लिहायला कशाला लावायचं?

खडूफळा: नाही. वाचून अंदाजाने उत्तर देता येतं. स्वतः वाक्य लिहायला बसल्यावरच 'डिड'नंतर 'रँग' लिहिणारा मुलगा सापडतो. आणि जे परीक्षेत लिहावं लागत नाही, त्याला मार्चच्या तोंडावर वर्गात कोणी हात लावत नाही. रूपांतर ठेवा, सोबत 'कॉल मी'सारखं एक वाक्य देऊन विचारा, याचं का होत नाही?

तिसरा_बाक: तो प्रश्न चालेल. पण आधी वर्गात शिकवा, मग पेपरात घाला.