मदत हवी आहे: वर्गणीच्या पावत्या कापल्यावर नंबर ओळीने राहतील असं छापायचं कसं?

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहितो आहे. आमच्या दुर्गोत्सव मंडळाची पावतीपुस्तकं या वर्षी मी घरच्या प्रिंटरवर छापून राहिलो आहे. डिझाइन झालं, देवीचा फोटो बसला, सगळं नीट. अडलं ते नंबरात.

पावत्या ८०० हव्यात, म्हणजे ५०-५० ची १६ पुस्तकं. ए-४ कागदावर एकाखाली एक चार पट्ट्या केल्या आहेत. प्रत्येक पट्टीत डावीकडे स्थळप्रत, उजवीकडे देणाऱ्याची पावती आणि दोन्हीकडे तोच नंबर. पावतीवर रोख रकमेची ओळ आहे आणि तिच्याखाली धान्याची, कारण आमच्याकडे अजून बरीच घरं ज्वारी-तूर पायलीने देतात.

मी सरळ पहिल्या कागदावर १, २, ३, ४ टाकले, दुसऱ्यावर ५, ६, ७, ८ आणि असे ५० कागद छापून गठ्ठा कापला. कापल्यावर पहिल्या ढिगात १, ५, ९, १३ आणि दुसऱ्यात २, ६, १०, १४. आई, बहीण आणि मी पंखा बंद करून चटईवर बसलो आणि २०० पावत्या हातांनी लावल्या. रात्रीचे साडेअकरा वाजले. शेवटी १४७ नंबर सापडेना. तो १४३ च्या पाठीला चिकटून बसला होता. अजून ६०० पावत्या अशा लावणं काही होत नाही.

एवढा जीव का टाकतो आहे तेही सांगतो. मागच्या वर्षी पुस्तकं बाहेरून छापून आणली होती. एका पुस्तकात ३१२ नंतर ३१४ आणि दुसऱ्यात ३१३ दोनदा. हिशेबाच्या बैठकीत मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर एकाने विचारलं, "काऊन काकाजी, ३१३ ची पावती दोघांजवळ कशी?" आमचे काकाजी वीसेक वर्षांपासून मंडळाचा पैसा सांभाळतात. घरून पदरचा चहा पाजतील, पण मंडळाच्या रुपयाला हात लावणार नाहीत. ते काही बोलले नाहीत. स्थळप्रती उघडून एकेक पान दाखवत बसले. हिशेब पैशापर्यंत जुळला, पण "या वर्षी दुसरा कोणी पाहा" असं म्हणून वही ठेवून गेले. आम्ही चौघे-पाचजण त्यांच्या घरी जाऊन आलो तेव्हा कुठे तयार झाले. म्हणून या वर्षी नंबरात एकही चूक नको आहे.

माझ्याजवळ इंक टँकचा प्रिंटर, वर्ड, एक्सेल, स्टीलची पट्टी आणि कटर एवढंच आहे. तालुक्याला मोठी कटिंग मशीन आहे, पण ५० किलोमीटर जाणं-येणं पडते. कापल्यावर ढीग उचलून एकावर एक ठेवले की नंबर आपोआप लागले पाहिजेत. असं होते का?

प्रतिसाद: जुळारी

होते भाऊ, आणि फार जुन्या काळापासून होते. मी परतवाड्यात ट्रेडल मशीनवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर, उमर घालवली, म्हणून सांगतो.

तुम्ही नंबर कागदावर वरून खाली चालवले. ते गठ्ठ्यात, म्हणजे एका कागदाकडून खालच्या कागदाकडे चालवायचे असतात. कटर गठ्ठ्यातून उभा उतरतो. त्याला एका कागदावरच्या चार पावत्यांचा संबंध ठाऊक नाही, तो एकाच जागेच्या सगळ्या पट्ट्या एकत्र देतो. म्हणून एका जागेवर एकच सलग माळ हवी.

८०० पावत्या, कागदावर ४, म्हणजे २०० कागद. सगळ्यात वरची पट्टी १ पासून २०० पर्यंत चालेल. दुसरी २०१ ते ४००, तिसरी ४०१ ते ६००, चौथी ६०१ ते ८००. पहिल्या कागदावर १, २०१, ४०१, ६०१ दिसतील. दुसऱ्यावर २, २०२, ४०२, ६०२. कापल्यावर चारही ढीग आपापले ओळीने असतात. पहिल्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा आणि चौथा ठेवला की १ ते ८०० तयार.

आमच्या वेळी फर्म्यातच, म्हणजे खिळे जुळवलेल्या चौकटीतच, लोखंडी नंबरिंग बॉक्स बसवायचो. चार पावत्यांना चार बॉक्स, प्रत्येकाचा सुरुवातीचा आकडा वेगळा लावलेला. दर छापाला चारही एकेकाने पुढे सरकायचे. काही बॉक्स उलटे चालणारे असत, २०० वरून १ कडे. छापलेला कागद तोंड वर करून पडतो, पहिला तळाशी जातो. उलटा बॉक्स लावला की शेवटी छापलेला १ नंबर बरोबर वर येई आणि गठ्ठा पलटवावा लागत नसे. तुमच्या प्रिंटरचे कागद तोंड वर करून पडतात की खाली, ते आधी पाहा.

संगणकावरचं मला जमत नाही, ते दुसरं कोणी सांगेल.

धागाकर्ता

जुळारीभाऊ, तुमचे पाय धरावेसे वाटतात. तीन कोरे कागद घेऊन पेन्सिलने नंबर टाकले: पहिल्यावर १, ४, ७, १०, दुसऱ्यावर २, ५, ८, ११, तिसऱ्यावर ३, ६, ९, १२. कात्रीने कापून ढीग एकाखाली एक ठेवले आणि १ ते १२ ओळीने आले. बहीण म्हणाली, काल रात्री हे सुचलं असतं तर.

माझ्या प्रिंटरचे कागद तोंड वर करूनच पडतात.

आता अडचण वर्डची. मेल मर्जमध्ये (एक्सेलची यादी वर्डच्या पानांत आपोआप भरायची सोय) लेबलवाला साचा घेतला तर पुन्हा १, २, ३, ४ असेच पडून राहिले आहेत.

प्रतिसाद: सेवाकेंद्रवाला, भंडारा

लेबलचा साचा घेऊ नका भाऊ. त्यात दुसऱ्या घरापासून पुढे "नेक्स्ट रेकॉर्ड" नावाचं फील्ड वर्ड स्वतःच टाकते, म्हणून एकाच कागदावर एक्सेलच्या चार ओळी येतात. आपल्याला एका कागदाला एकच ओळ हवी.

एक्सेलमध्ये चार रकाने करा. पहिल्यात १ ते २००, दुसऱ्यात पहिला अधिक २००, तिसऱ्यात अधिक ४००, चौथ्यात अधिक ६००. खाली ओढलं की काम झालं. वर्डमध्ये लेबल न निवडता साधं "लेटर्स" निवडा, एक रकाना चार ओळींचा तक्ता काढा आणि पहिल्या घरात पहिल्या रकान्याचं फील्ड, दुसऱ्या घरात दुसऱ्याचं असं टाका. स्थळप्रतीवर आणि पावतीवर तेच फील्ड दोनदा टाकायचं, म्हणजे दोन्हीकडचे नंबर वेगळे पडायचा प्रश्नच नाही.

७ ऐवजी ००७ पाहिजे असेल तर एक्सेलमध्ये आकडा टेक्स्ट म्हणून ठेवा. नुसतं फॉरमॅट बदलून शून्य दाखवलं तर वर्डमध्ये येताना ते गळून पडते.

तक्त्याच्या ओळीची उंची "एक्झॅक्टली ७.४ सेंमी" करा. ए-४ ची लांबी २९.७, चार ओळींचे २९.६ होतात. तक्त्याखाली वर्ड एक रिकामी ओळ ठेवतेच, ती पुसता येत नाही. तिच्यामुळे दर पावतीपानामागे एक कोरं पान निघते. त्या ओळीचा फॉन्ट १ करा, ओळीतलं अंतरही एक्झॅक्टली १ पॉइंट करा, आणि वरखालचं मार्जिन शून्य ठेवा. मजकूर मात्र कडेपासून आत घ्या, घरचे प्रिंटर अगदी काठापर्यंत छापत नाहीत.

मग सरळ छापू नका, आधी पीडीएफ करा. प्रिंट देताना "ॲक्चुअल साइज" निवडा. "फिट" राहिलं तर पट्ट्या आखूड होतात आणि कटर मजकुरावर येतो. कागद तोंड वर करून पडतात म्हणता, तर "रिव्हर्स" वर टिक करा. शेवटचं पान आधी निघेल आणि १ नंबर सगळ्यात वर येईल.

प्रतिसाद: बचतगट सचिव, आर्वी तालुका

दादा, वरचं सगळं बरोबर आहे. पण २०० कागदांचा एकच गठ्ठा नका करू. आमच्या गटाच्या पावत्या मी अशाच छापते. एकदा १३० व्या पानावर लाईन गेली, कागद अर्धा आत अडकला आणि पुढचं काय छापलं, काय राहिलं, ते शोधण्यात दुपार गेली. शिवाय पट्टी-कटरने २०० कागद एकदम कापले जात नाहीत, खालचे कागद सरकतात.

मी ५० कागदांचा गठ्ठा करते, कारण पुस्तकही ५० चंच असते. पहिल्या गठ्ठ्यात वरची पट्टी १ ते ५०, दुसरी ५१ ते १००, तिसरी १०१ ते १५०, चौथी १५१ ते २००. कापलं की चार ढीग म्हणजे चार पूर्ण पुस्तकं, मोजत बसायचं कामच नाही. दुसरा गठ्ठा २०१ पासून, तिसरा ४०१ पासून, चौथा ६०१ पासून. एक्सेलमध्ये पहिल्या रकान्यात ५० ओळी झाल्या की आकडा २०१ वर न्यायचा, बाकी रकान्यांत ५०, १०० आणि १५० मिळवायचे. पीडीएफची १ ते ५० पानं पहिला गठ्ठा, ५१ ते १०० दुसरा.

कागद खराब झाला तर पीडीएफमधून तेवढंच पान पुन्हा काढा आणि त्याच जागी घाला. खराब झालेला कागद लगेच फाडून टाका, घरात राहू देऊ नका. तुमचा ३१३ दोनदा आला तो असाच खराब कागद गठ्ठ्यात राहून गेला असेल, असं मला वाटते.

कापताना मी आठ-दहा कागदच घेते. आधी गठ्ठा टेबलावर दोन बाजूंनी ठोकून कडा एक करायच्या. शेजारी चार ताटं मांडायची. वरच्या पट्ट्या पहिल्या ताटात पालथ्या, दुसऱ्या पट्ट्या दुसऱ्या ताटात पालथ्या. पुढचे दहा कापले की त्यावरच पालथे. शेवटी ताटातला ढीग एकदम उलटा केला की १ नंबर वर.

आणि पावती फाडायची रेघ कशी करणार? गावात शिलाई मशीन असेलच. दोरा न ओवता मशीन चालवायची, छान भोकं पडतात. स्थळप्रत आणि पावतीमधली रेघ चारही पट्ट्यांत एकाच जागी येते, म्हणून कापायच्या आधीच पूर्ण कागदावर वरून खाली शिवण मारा. तीन-तीन कागद धरा, सुई जुनी घ्या, कागदाने ती बोथट होते.

अजून एक. पुस्तक वाटताना एका वहीत लिहून ठेवा: पुस्तक क्रमांक, कुठून कुठपर्यंत नंबर, कोणाला दिलं, तारीख, सही. परत आल्यावर पुन्हा सही. चुकलेली पावती फाडून नेऊ द्यायची नाही, "रद्द" लिहून दोन्ही भाग पुस्तकातच ठेवायचे. नंबर ओळीने छापले, पण पुस्तक कोणाजवळ आहे तेच माहीत नाही, तर काकाजींना पुन्हा उत्तरं द्यावी लागतील.

प्रतिसाद: सेवाकेंद्रवाला, भंडारा

ताईंची ५० ची पद्धत घ्या, माझ्यापेक्षा ती बरी. आणि भाऊ, वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी काढता ना? अर्जासोबत मागच्या वर्षीचा जमाखर्च लागतो. परवानगीचा क्रमांक पावतीवर छापणार असाल तर तो मिळेपर्यंत थांबा, नाहीतर ८०० पावत्यांवर शिक्के मारत बसाल.

धागाकर्ता

परवानगी मागच्याच आठवड्यात आली, क्रमांक पावतीवर टाकला आहे.

ताई, आज पहिला गठ्ठा छापला. मध्ये ३२ नंबरचा कागद तिरपा ओढला गेला. तो फाडला, पीडीएफचं ३२ वं पान काढलं आणि ३३ च्या वर ठेवलं. शेजारच्या मावशींनी मशीनवर शिवण मारून दिली. पहिल्या कागदावर टाके फार जवळ पडले आणि पावती हात लावताच निघून येत होती. टाका मोठा केला तेव्हा जमलं. आधी हातांनी लावलेल्या २०० पावत्यांवर हेच नंबर होते, म्हणून त्या चुलीत घातल्या.

मग चार ताटं. आई वरच्या पट्ट्या ठेवत होती, बहीण खालच्या. चारही ढीग पलटवले, डावीकडे दोन पिना मारल्या, वर पुठ्ठा लावला आणि संध्याकाळी काकाजींकडे घेऊन गेलो. काही सांगितलं नाही, फक्त पुस्तकं पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, अंगठा जिभेला लावला आणि एकेक पान उलटत १ पासून २०० पर्यंत मोठ्याने वाचलं. मध्ये काकूंनी चहा आणला तर हातानेच थांब म्हणाले. २०० झाल्यावर पहिलं पुस्तक पुन्हा उघडलं, स्थळप्रत आणि पावतीवरचा नंबर बोटाने ताडून पाहिला. म्हणाले, "बाकीचे कधी देतो?"

वाटपाची वही त्यांनीच आखायला घेतली आहे. उरलेले तीन गठ्ठे उद्या सकाळी लाईन असली की छापतो. ताई, एकच विचारायचं राहिलं: तुमच्या पुस्तकांना पिना पुरतात, की पाठीला कापडी पट्टीही लावता? दसऱ्यापर्यंत ही पुस्तकं बरेच हात फिरणार आहेत.

प्रतिसाद: बचतगट सचिव, आर्वी तालुका

पट्टी लावा दादा. पिनांची टोकं बोटाला लागतात आणि पिशवीत दुसऱ्या पुस्तकात अडकतात. जुन्या सुती साडीची दोन बोटं रुंद पट्टी, गव्हाच्या पिठाची खळ, आणि रात्रभर वर पाटा ठेवा. खळीत चिमूटभर मोरचूद टाका, नाहीतर झुरळं खातात. मोरचूद विषारी असते, म्हणून ते भांडं स्वयंपाकात परत घेऊ नका आणि लहान मुलांपासून दूर ठेवा.