डोंगरमाथ्याआड लपलेल्या खुणेपर्यंत कुंपणाची सरळ रेषा कशी आखावी?

प्रश्न
सत्तरी तालुक्यातील आमच्या काजूच्या बागायतीची मेर डोंगराच्या माथ्यावरून जाते. दोन्ही टोकांच्या हद्दीच्या दगडांबद्दल शेजाऱ्यांशी आमचा काहीही वाद नाही. परंतु माथा मध्ये येत असल्यामुळे एका दगडापाशी उभे राहिल्यास दुसरा दिसत नाही. दोरी ताणली, तर ती फांद्यांना अडून वाकते. मोबाइलवरील नकाशा काही मीटरांनी चुकतो. शेजारी वयाने वडीलधारे आहेत, त्यांची जुनी काजूची झाडे मेरेलगतच आहेत आणि त्यांतले एकही चुकून आमच्याकडे येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. यंत्राशिवाय हे जमेल का?

उत्तर १
जमेल. दोन्ही दगडांवर उंच काठ्या ओळंबा लावून उभ्या कराव्यात. मग दोघांनी एकेक काठी घेऊन माथ्यावर अशा जागी उभे राहावे, की पूर्वेकडच्याला पश्चिम टोकाची आणि पश्चिमेकडच्याला पूर्व टोकाची काठी दिसेल. पूर्वेकडच्याने आपल्या जोडीदाराला स्वतःच्या आणि पश्चिम टोकाच्या काठीच्या ओळीत आणावे. त्यानंतर जोडीदाराने त्याला स्वतःच्या आणि पूर्व टोकाच्या काठीच्या ओळीत सरकवावे. आळीपाळीने असे करत गेल्यास सरकणे कमी कमी होत जाते आणि कोणालाच हलावे लागत नाही, तेव्हा चारही काठ्या एका रेषेत आलेल्या असतात. दोघांमधील अंतर शक्य तितके जास्त ठेवावे. त्या दोघांपैकी एक शेजारीच असावेत, म्हणजे रेषा त्यांनीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असेल.

उत्तर २
माथा सपाट आणि रुंद असेल, तर वरील रीतीने टोके दिसणार नाहीत. अशा वेळी एका दगडापासून अंदाजाने सरळ रेषा काढत, मागच्या दोन काठ्यांच्या ओळीत पुढची रोवत जावे. समजा, १८० मीटरांवर ती दुसऱ्या दगडापासून १.८० मीटर बाजूला गेली. तर ६० मीटरांवरची खुंटी दुसऱ्या दगडाच्या बाजूला ६० सेंटिमीटर आणि ९० मीटरांवरची ९० सेंटिमीटर सरकवावी. अंतरे मात्र फीत आडवी धरून टप्प्याटप्प्याने मोजावीत, कारण २० अंशांच्या उतारावर जमिनीलगत मोजलेले १० मीटर नकाशावर सुमारे ९.४ मीटरच भरतात.

प्रश्नकर्ता
आमचा माथा अरुंद आहे, त्यामुळे पहिली रीत वापरतो. पावसाळ्यात रान वाढण्याआधी शेजाऱ्यांना सोबत घेऊनच खुंट्या रोवीन.