राज्यघटनेचे मूळ १९३५ च्या कायद्यात की चवदार तळ्याच्या काठावर? (टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची चर्चा)

दस्तऐवज
माझे म्हणणे आधीच मांडतो. भारताच्या राज्यघटनेचे मूळ १९३५ च्या भारत सरकार कायद्यात आहे आणि हे मान्य करण्यात कसलाही कमीपणा नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवून वाचावेत. कायदे कोणी करायचे ते विषय वाटून देणाऱ्या केंद्र, प्रांत आणि समवर्ती (दोघांच्याही अखत्यारीतली) अशा तीन सूच्या १९३५ च्या कायद्यात सातव्या अनुसूचीत होत्या. राज्यघटनेतही त्या सातव्याच अनुसूचीत आहेत. कायदेमंडळाचे अधिवेशन चालू नसताना वटहुकूम काढण्याचा जो अधिकार कलम ४२ ने गव्हर्नर जनरलला दिला होता, तो अनुच्छेद १२३ ने राष्ट्रपतींकडे आला. प्रांताचा कारभार कायद्याप्रमाणे चालणे अशक्य झाले तर गव्हर्नरने तो आपल्या हाती घ्यावा, अशी कलम ९३ ची तरतूद होती. ज्याला आपण राष्ट्रपती राजवट म्हणतो तो अनुच्छेद ३५६ तिच्यातूनच आला.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत राज्यघटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनीही हे लपवले नाही. १९३५ च्या कायद्यातून बराच भाग घेतल्याबद्दल क्षमा मागण्याचे कारण नाही, राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचे पेटंट नसते, असे त्यांनी सभेला सांगितले. ज्या प्रांतिक कायदेमंडळांनी संविधान सभा निवडली, तीसुद्धा याच कायद्याच्या मर्यादित मताधिकारावर निवडून आलेली होती. वस्तुस्थिती अशी असताना राज्यघटना केवळ चळवळीच्या पोटी जन्मली असे म्हणणे भावनेला धरून असेल, इतिहासाला धरून नाही.

रायगडची लेक
आपण दोन दस्तऐवज शेजारी ठेवायला सांगता, मी पाच ठेवते. माझे आजोळ महाडचे, त्यामुळे चवदार तळ्याचा विषय निघाला की मला स्वस्थ बसवत नाही. तरीही इथे केवळ कागदांच्या आधारेच बोलते.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्याकाठी गेले, ओंजळीने पाणी प्याले आणि त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ला झाला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा तळे खासगी मालकीचे आहे असा दावा काही सवर्णांनी दिवाणी न्यायालयात लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. तो वाद मुंबई उच्च न्यायालयात मिटायला मार्च १९३७ उजाडला.

आता पुढचे कागद पाहा. मोतीलाल नेहरूंच्या समितीने भारतासाठी राज्यघटना सुचवणारा जो अहवाल दिला, त्या १९२८ च्या नेहरू अहवालात सार्वजनिक रस्ते, विहिरी आणि सार्वजनिक जागा वापरण्याचा सर्व नागरिकांना सारखा हक्क आहे, असे कलम आले. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात ते अधिक नेमके झाले. सरकारी वा स्थानिक निधीतून राखलेल्या किंवा खासगी व्यक्तींनी जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, रस्ते, शाळा यांवर सर्वांचा सारखाच हक्क राहील, असे त्यात म्हटले होते. यानंतर राज्यघटनेचा अनुच्छेद १५, खंड २ उघडा. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते; राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः राखलेले किंवा जनतेच्या उपयोगाला वाहिलेले. जवळजवळ शब्दाला शब्द जुळतो. ‘तळे खासगी आहे’ ही पळवाट ज्यांनी न्यायालयात दहा वर्षे सोसली, त्यांना या ‘किंवा’चे मोल कोणी समजावून सांगायला नको. १९३५ च्या कायद्यात मूलभूत हक्कांचे प्रकरणच नव्हते, तेव्हा हे वाक्य तिथून येणे शक्यच नाही.

पारावरचा
या वादात खेडे कुठेच दिसत नाही, याचे वाईट वाटते. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. तिच्या घडणीत गांधीजींचा सल्ला होता आणि तिचा पाया ग्रामपंचायतीचा होता. आपल्याच मातीत झालेल्या या प्रयोगाला राज्यघटनेत काय मिळाले? अनुच्छेद ४०, तोही न्यायालयात दाद मागता येत नाही अशा मार्गदर्शक तत्त्वांमध्ये. के. हनुमंतय्या यांनी संविधान सभेत बोलून दाखवले होते की आम्हाला वीणेचे वा सतारीचे संगीत हवे होते, पण ऐकायला मिळतो आहे तो इंग्रजी बँड. मला त्यांचे दुःख समजते.

रायगडची लेक
दादा, औंधबद्दल मलाही आदर आहे. मात्र ज्या गावाने विहिरीवर येऊ दिले नाही, त्या गावाच्या हाती हक्कांचा निवाडा सोपवायला डॉ. आंबेडकर तयार नव्हते, आणि मीही झाले नसते. व्यक्ती हाच घटक मानला, म्हणूनच ज्याला गावात बसायला जागा नव्हती त्याला राज्यघटनेत जागा मिळाली.

दस्तऐवज
अनुच्छेद १५ ची साखळी आपण दाखवलीत ती मला मान्य आहे. इतक्या बारकाईने ती मी पाहिली नव्हती. तथापि राज्यघटना म्हणजे फक्त हक्कांची यादी नव्हे. सत्ता कोणाच्या हाती आणि ती कशी चालवायची, याचे ते यंत्र आहे आणि ते यंत्र राज्य ताब्यात ठेवू पाहणाऱ्यांनी बांधलेले होते. एप्रिल १९४७ मध्ये सोमनाथ लाहिरी यांनी संविधान सभेत टीका केली की मूलभूत हक्कांपैकी बरेच हक्क पोलीस शिपायाच्या दृष्टिकोनातून लिहिलेले आहेत. खटल्याविना स्थानबद्धतेला तर हक्कांच्याच प्रकरणात, अनुच्छेद २२ मध्ये, जागा मिळाली. म्हणून मूळ मान्य करा असा माझा आग्रह आहे. ते मान्य केल्याशिवाय या यंत्राचे कोणते भाग बदलायला हवेत हे आपल्याला दिसणार नाही.

रायगडची लेक
आपली तळमळ कळते, तरी यंत्र कोणाच्या मतावर चालायचे हा प्रश्न आपण बाजूला ठेवता. १९३५ च्या कायद्यात मत मालमत्ता, कर आणि शिक्षण यांना बांधलेले होते. भारतातील राज्यकारभाराच्या सुधारणांसाठी ब्रिटिशांनी नेमलेल्या सायमन आयोगापुढे १९२८ मध्ये आपल्या बहिष्कृत हितकारिणी सभा या संस्थेच्या वतीने डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकार मागितला, त्याच वर्षी नेहरू अहवालानेही तो मागितला, आणि अनुच्छेद ३२६ ने तो दिला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदार याद्यांत सुमारे १७ कोटी ३० लाख नावे होती. हे त्या जुन्या कायद्याच्या सांगाड्यात कधीही मावले नसते. राज्यघटनेचा शेवटचा अनुच्छेद, ३९५, १९३५ चा कायदा रद्द करतो; आपण ज्याला मूळ म्हणता ते राज्यघटनेनेच तोडून टाकले आहे.

दस्तऐवज
३९५ च्या थोडे मागे ३७२ आहे आणि त्याने जुने कायदे जसेच्या तसे चालू ठेवले. राजद्रोहाच्या ज्या कलम १२४ अ खाली टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये शिक्षा झाल्या, ते स्वतंत्र भारताच्या दंडसंहितेत राहिले. याला आपण काय म्हणाल?

रायगडची लेक
याचे उत्तर संविधान सभेतच आहे. मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा घालण्याच्या कारणांमध्ये ‘राजद्रोह’ हा शब्द होता. १ डिसेंबर १९४८ रोजी कन्हैयालाल मुन्शी यांनी तो काढून टाकण्यासाठी दुरुस्ती मांडली आणि सभेने तो शब्द गाळला. परकीय सत्तेच्या खटल्यांची आठवण त्या सभागृहात जिवंत होती.

दस्तऐवज
शब्द गाळला गेला हे खरे आहे. कलम १२४ अ मात्र दंडसंहितेत राहिले, १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ मर्यादित करून ते वैध ठरवले, आणि ती दंडसंहिता १ जुलै २०२४ पर्यंत लागू होती. संविधान सभेने दारातून बाहेर काढलेला शब्द पंचाहत्तर वर्षे घरातच नांदला, आणि म्हणूनच मी मुळांविषयी बोलणे सोडत नाही.